सल्ला: मेची सुट्टी, आल्प्सचा कडा आणि अकरा वर्षांची मुलगी

प्रश्न: आम्ही बडोद्याचे, मांजलपूरला राहतो. येत्या मे महिन्यात मी, हे, सोळा वर्षांचा मुलगा आणि अकरा वर्षांची मुलगी असे चौघं स्वित्झर्लंड-इटलीला जाणार आहोत. झ्युरिकला उतरायचं, लाउटरब्रुनेनला चार दिवस, मग मिलान आणि व्हेनिस, असा बेत आहे. मुलाने म्युरेनच्या व्हिया फेराटाचा व्हिडिओ पाहिल्यापासून घरात दुसरा विषय नाही. कड्याला ठोकलेल्या तारेत स्वतःला अडकवायचं आणि लोखंडी पायऱ्यांवरून जायचं, खाली शेकडो मीटर दरी. यांचंही म्हणणं, 'नवशिक्यांसाठीच आहे, कॉलेजात हरिहर किल्ला केलाय, त्यात काय!' यांचं वजन ९६ किलो, मुलीचं ३३. मला उंचीची भीती वाटते. पावागडच्या रोपवेतसुद्धा मी डोळे मिटून बसते. नाही म्हटलं तर सगळ्यांचा विरस, हो म्हटलं तर माझी झोप उडणार. नवशिक्यांना झेपेल अशी वाट कोणती? मुलीला नेता येईल का? सामान इथून घ्यावं का? आणि माझं काय करू?
– एक आई

ताई,

आधी तारखांचं बोलू, कारण तुमचा अर्धा प्रश्न तिथेच सुटतो. म्युरेनची वाट साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत उघडी असते. आपल्याकडे गुजरातेत शाळांची सुट्टी मेच्या सुरुवातीला लागते आणि जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात संपते. म्हणजे ती वाट उघडेल तेव्हा तुमची मुलं वर्गात बसलेली असतील. दिवाळीच्या सुट्टीतही बहुधा तेच, तोवर ती बंद झालेली असते किंवा होत आलेली असते. हिवाळ्यात घळींतून बर्फ घसरतो, दगड सुटतात, तारांना आणि त्यांना खडकाशी धरून ठेवणाऱ्या खुंट्यांना मार बसतो. बर्फ वितळल्यावर तिथली माणसं सगळी वाट तपासतात, दुरुस्त करतात आणि मगच उघडतात. बंद वाटेवर 'कुणी बघत नाहीये ना' म्हणून शिरणारे पर्यटक असतात. त्यांच्यात तुमचं कुटुंब नसावं, एवढं मी हक्काने सांगते.

त्यामुळे 'आईने मोडता घातला' असं कुणी म्हणायचं कारण नाही. कॅलेंडर मुलासमोर ठेवा, त्याला स्वतःला तारखा बघू द्या. सोळा वर्षांच्या मुलाला नकार ऐकण्यापेक्षा स्वतः शोधून काढलेली अडचण जास्त पटते.

पण समजा तुम्ही जुलैत जाणार असतात, तरी पहिलीच वाट म्हणून म्युरेन मी तुम्हाला सुचवलं नसतं. हे गाव कड्याच्या माथ्यावर १,६३८ मीटरवर आहे. वाट तिथून निघते आणि सव्वादोन किलोमीटरवर गिमेलवाल्डला संपते, साधारण तीन तास लागतात. बहुतेक उतारच आहे, सगळा मिळून तीनशेक मीटरचा. दंडाचा जोर फारसा लागत नाही, म्हणूनच ती नवशिक्यांच्या यादीत येते. पण मधल्या एका टप्प्यात पायाखालची जमीनच संपते. भिंतीतून बाहेर आलेल्या लोखंडी कड्यांवर एकेक पाऊल टाकत आडवं जायचं आणि खाली दरीचा तळ चारशे मीटरवर. पुढे ऐंशी मीटरचा झुलता पूल. व्हिडिओत हे सगळं दोन मिनिटांत संपतं. प्रत्यक्षात पुढचा माणूस अडखळला की त्याच कड्यांवर दहा-दहा मिनिटं थांबायला लागतं, आणि भीतीला वाढायला तेवढा वेळ पुरतो.

इथे या वाटांच्या प्रतवारीबद्दल सांगायला हवं, कारण 'बिगिनर' हा शब्द बघून बहुतेकजण फसतात. स्वित्झर्लंडमध्ये के-१ ते के-६ अशी श्रेणी लावतात, ऑस्ट्रियात ए, बी, सी, डी, ई अशी. म्युरेन के-३ आहे. ही श्रेणी मुख्यतः हातापायांना किती कष्ट पडतात ते सांगते. आपले सह्याद्रीतले ट्रेकर ज्याला दृष्टीभय म्हणतात, म्हणजे खाली पाहिल्यावर पोटात जो गोळा येतो, तो त्या आकड्यात धड मोजलेला नसतो. श्रेणी सोपी आणि दृष्टीभय भयंकर, अशा वाटा आल्प्समध्ये पुष्कळ आहेत. हरिहरचंच बघा, पायऱ्या खडकात कोरलेल्या, खोबणीत हात बसतो, कसब असं काही लागत नाही, तरी वरून उतरताना भल्याभल्यांचे पाय लटपटतात. तुमच्या यजमानांना हे पटेल. आणि त्यांना हेही सांगा की हरिहरला कमरेला काही बांधलेलं नसतं. इथे प्रत्येक खुंटीपाशी हात सोडून काम करावं लागतं. तो सराव वेगळा आहे आणि तो कॉलेजात झालेला नाही.

आता मुलगी. माझ्या दृष्टीने तुमच्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा तिचं वजन आहे.

व्हिया फेराटावर पडणं हे साध्या गिर्यारोहणात दोरावर पडण्यासारखं नसतं. तुमच्या हार्नेसला, म्हणजे कमरेला आणि मांड्यांना बांधायच्या पट्ट्याला, वाय आकाराच्या दोन पट्ट्या असतात, दोन्हींच्या टोकाला कॅराबिनर, म्हणजे झडपेची धातूची कडी, आणि ते तारेत अडकवलेले. माणूस निसटला की कॅराबिनर तारेवरून घसरत खालच्या खुंटीपर्यंत जातो आणि तिथे आपटून थांबतो. खुंटी तीन मीटर खाली असेल तर तीन मीटर आणि वर पट्टीची लांबी, एवढं पडल्यावर एकदम हिसका. चढाईच्या दोरासारखं ताणून तो हिसका सोसणारं मध्ये काही नसतं. म्हणून पट्ट्या आणि कॅराबिनरच्या या सेटमध्ये शॉक अ‍ॅब्सॉर्बर असतो: छोट्या पाकिटात घडी करून शिवलेली पट्टी. हिसका बसला की तिची शिवण जुन्या ब्लाउजसारखी टराटरा उसवत जाते आणि त्या उसवण्यात जोर खर्च होतो. युरोपियन मानकानुसार, ते ईएन ९५८, हे सेट ४० किलोपासून सामानासकट १२० किलोपर्यंतच्या माणसासाठी तपासतात. ३३ किलोच्या मुलीच्या वजनाने ती शिवण पुरेशी उसवेल याची खात्री नसते आणि मग सगळा हिसका तिच्या पाठीच्या कण्यावर येतो.

म्हणून ४० किलोच्या आतल्या मुलांना नुसत्या सेटवर सोडायचं नसतं. त्यांना वरून वेगळ्या दोराने धरून न्यायचं, आणि तो दोर धरणारा माणूस प्रशिक्षित हवा. ही कामगिरी बाबांची नाही. तुमच्या यजमानांनी मनाला लावून घेऊ नये, पण एका हाताने स्वतःचे कॅराबिनर बदलत दुसऱ्या हाताने लेकीचा दोर सांभाळणं सुट्टीत पहिल्यांदा शिकायची गोष्ट नाही. त्यांचं स्वतःचं वजन मर्यादेत आहे. ९६ किलो, वर बूट, हेल्मेट, हार्नेस, पाण्याच्या बाटल्या धरूनही १२०च्या आत बसतं. मात्र सगळ्यांची बॅग त्यांच्याच पाठीवर देऊ नका.

म्हणजे मार्गदर्शक घ्यायचाच. यावर मी घासाघीस करणार नाही. चौघांपुरता वेगळा, अर्ध्या दिवसाचा, आणि पर्वतीय मार्गदर्शकाचा अधिकृत परवाना असलेला. बुकिंगच्या आधी त्याला मेल लिहा. त्यात चौघांची वयं, वजनं, मुलीची उंची, तुम्हाला उंचीची भीती आहे ही गोष्ट, सगळं मोकळेपणाने लिहा आणि सरळ विचारा: मुलीला तुमच्या दोरावर नेणार का? तिच्या मापाचा हार्नेस तुमच्याकडे आहे का? कमरेचं हाड अजून भरलं नसेल तर नुसता कमरेचा हार्नेस उलटं झाल्यावर निसटू शकतो, अशा मुलांना छातीपर्यंतचा पूर्ण हार्नेस देतात. या दोन प्रश्नांना जो नीट उत्तर देणार नाही, त्याला सोडा.

वाट कोणती, ते आता सांगते. मे महिन्यासाठी मी तुम्हाला स्वित्झर्लंडमधून काढून इटलीत, गार्डा सरोवराच्या उत्तर टोकाला, आर्को नावाच्या गावी पाठवेन. आर्को समुद्रसपाटीपासून शंभरेक मीटरच उंच आहे. जेव्हा म्युरेनच्या भिंतीला बर्फ चिकटलेला असतो, तेव्हा आर्कोत ऑलिव्हच्या बागांत ऊन असतं. तुमच्या मुलासाठी आणखी एक आमिष: आर्को हे प्रस्तरारोहणाचं गाव आहे. १९८७ पासून तिथे रॉक मास्टर ही स्पर्धा होते, जगभरचे चढणारे तिथे येतात, अख्खं गाव दोर आणि बुटांच्या दुकानांनी भरलेलं आहे. म्युरेन हुकल्याचं दुःख तो तिथल्या पहिल्या दुकानात विसरेल.

आर्कोच्या डोक्यावरच कोलोद्री नावाचा चुनखडीचा कडा आहे. त्याच्यावरची व्हिया फेराटा श्रेणीने ए आणि बीच्या आसपास, लांबीने तासा-दीड तासाची. तुमच्यासाठी ती मला तीन कारणांनी पसंत आहे. ती गावाला लागून आहे, रोपवे, बर्फ, उंचीवरची विरळ हवा असलं काही मध्ये येत नाही. ती छोटी आहे, मुलं दमायच्या आधी संपते. आणि माथ्यावर क्रूस आहे त्या टोकाजवळ जायला लाघेलच्या बाजूने साधी पायवाटही आहे. चढून आलेले लोक त्याच वाटेने आर्कोच्या किल्ल्याजवळून खाली गावात उतरतात. हे तिसरं कारण तुमच्यासाठी आहे, त्यावर पुढे येते.

कोलोद्रीची उणी बाजूही सांगते. इतक्या लोकांची पावलं पडली आहेत की काही ठिकाणी खडक गुळगुळीत झालाय. सुट्टीच्या दिवशी रांग लागते. कडा पूर्वेकडे तोंड करून आहे, त्यामुळे सकाळभर ऊन अंगावर. शनिवार-रविवार टाळा आणि सकाळी लवकर सुरुवात करा.

पहिला दिवस छान गेला तर दुसऱ्या दिवशी बापलेकांनी त्याच मार्गदर्शकाबरोबर चिमा कापी करावा. ९०९ मीटरचं हे शिखर बिआचेझा गावातून गाठतात आणि फाउस्टो सुसाती नावाची व्हिया फेराटा त्यावर जाते. अवघड फारशी नाही, पण चाल लांब आहे आणि पूर्ण वेळ सरोवर खाली दिसत राहतं. वर पहिल्या महायुद्धातले खंदक आहेत. १९१५ ते १९१८ या काळात इटलीची आणि ऑस्ट्रिया-हंगेरीची फौज याच डोंगरांत समोरासमोर होती. आल्प्समध्ये कड्यांवर लोखंड ठोकून वाटा करणं त्याआधीपासून चालत आलंय, डाखश्टाइनवर तर १८४३ मध्येच तशी सोय केली होती. पण डोलोमाइट्समधल्या कितीतरी वाटा मूळ सैनिकांनी शिड्या आणि दोर लावून केलेल्या. तुमचा मुलगा इतिहासाचं पुस्तक बंद करून ठेवणारा असला तरी त्या खंदकात उभा राहिल्यावर चार प्रश्न विचारेल.

तिथेच रीवा गावाच्या वर व्हिया देल्लामिचित्सिया म्हणून एक आहे. श्रेणी बघून कुणीतरी ती 'सोपीच' म्हणून सांगेल. तिच्यावर उभ्या, लांबलचक लोखंडी शिड्या आहेत. हातापायांना सोपी, मनाला अजिबात नाही. पहिल्या खेपेला नको.

तुमच्या बेतात हे बसतं का? बसतं. मिलानहून व्हेनिसला जाताना व्हेरोना लागतंच. तिथे गाडी बदलून रोव्हेरेतो, आणि रोव्हेरेतोहून बसने आर्को किंवा रीवा. लाउटरब्रुनेनचे चार दिवस तीन करा. म्युरेन गाव म्हणून बघून या, तिथे चालायला सुंदर वाटा आहेत. फक्त एक लक्षात ठेवा: शेंगेन व्हिसा ज्या देशात जास्त रात्री त्या देशाकडे मागायचा असतो. आर्को वाढवल्यावर इटलीच्या रात्री जास्त होत असतील तर अर्ज इटलीकडे. हे आत्ताच ठरवा, हॉटेलं बुक झाल्यावर नको.

व्हिसासाठी काढलेला विमाही नीट वाचा. किमान ३० हजार युरोचं वैद्यकीय संरक्षण ही व्हिसाची अट आहे, तेवढी सगळ्याच पॉलिसी पुरी करतात. पण पुष्कळ पॉलिसींमध्ये साहसी खेळ वगळलेले असतात, आणि कड्यावरून हेलिकॉप्टरने उतरवायची वेळ आली तर ते बिल फार मोठं असतं. विमा कंपनीला मेलवर विचारा, 'मार्गदर्शकासह व्हिया फेराटा आणि डोंगरातली सुटका धरलेली आहे का?' आणि उत्तर लेखी घ्या. एजंटने फोनवर 'हो हो, सगळं येतं' म्हटलेलं उपयोगाचं नाही. आणीबाणीला युरोपभर ११२ चालतो. हा नंबर मुलीलासुद्धा पाठ हवा.

सामान इथून घेऊ नका. हेल्मेट, हार्नेस, सेट सगळं आर्कोत भाड्याने मिळतं, बहुधा मार्गदर्शकच देतो. ऑनलाइन स्वस्तात मिळालेल्या साध्या स्लिंगांना दोन कॅराबिनर लावून घरी 'सेट' बनवणारे लोक मी पाहिले आहेत. वर सांगितलेला हिसका अशा पट्टीला तोडू शकतो. भाड्याचा सेट घेताना अ‍ॅब्सॉर्बरचं पाकीट बघा, शिवण कुठे उसवलेली असेल तर तो सेट परत करा, एकदा पडून उघडलेला सेट पुन्हा वापरत नाहीत. इथून न्यायचे ते बूट: जाड, ताठ तळव्याचे, महिनाभर आधीपासून वापरून पायाला बसलेले. आणि बोटं उघडी ठेवणारे चामड्याचे हातमोजे, कारण तारेचा एखादा तुटका धागा तळहात फाडतो. बांगड्या, अंगठ्या, मंगळसूत्र, ओढणी हॉटेलवर ठेवून यायचं. अंगठी लोखंडात अडकली की बोटाचं काय होतं ते मी इथे लिहीत नाही. केस बांधून हेल्मेटच्या आत.

दुकानात एक गोष्ट जरूर करा. मुलीच्या हातात कॅराबिनर द्या आणि तिला तो वीस वेळा उघड-बंद करायला सांगा. व्हिया फेराटाच्या कॅराबिनरला पाठीमागे एक कळ असते, ती तळहाताने दाबून धरली तरच तोंड उघडतं. मोठ्या माणसाला कळतही नाही. अकरा वर्षांचा तळहात लहान, दहाव्या-बाराव्या खेपेला तो थकतो, मग मूल दोन्ही हात लावतं आणि तारेवरचा हात सुटतो. काही कंपन्यांच्या कळा हलक्या असतात. तिच्या हाताला जो चालतो तोच घ्या.

तारेवर नेमकं काय करायचं तेही सांगते, म्हणजे चौघं घरीच बोलून घेऊ शकाल. तार दर काही मीटरवर खडकातल्या खुंटीला बांधलेली असते, आणि कॅराबिनर खुंटीवरून पुढे सरकत नाही. खुंटीपाशी आलात की थांबायचं. आधी दोन्ही पाय नीट टेकवायचे. एका हाताने तार किंवा खुंटी धरायची. एक कॅराबिनर काढून खुंटीच्या पलीकडे अडकवायचा, तोंड मिटल्याचा आवाज ऐकायचा, हलका ओढून बघायचा. मगच दुसरा. दोन्ही एकाच वेळी बाहेर कधीही नाहीत, घाई असली तरी, मागचे लोक खोळंबले असले तरी. चुका होतात त्या अवघड जागी कमी आणि सोप्या जागी जास्त, जिथे माणूस गप्पा मारत चालतो. म्हणून खुंटीवर बोलायचं नाही, असा घरातच नियम करा. आणि दोन खुंट्यांच्या मधल्या तारेवर एका वेळी एकच माणूस. वरचा पडला तर तो खालच्या खुंटीपर्यंत येतो, तिथे दुसऱ्याचं डोकं असता कामा नये. तुमच्या मुलाला पुढच्याच्या टाचेला टाच लावून चालायची सवय असेल, तर हे त्याला दोनदा सांगा. क्रम असा ठेवा: पुढे मार्गदर्शक, त्याच्या दोरावर मुलगी, मग मुलगा, सगळ्यात शेवटी बाबा.

या रांगेत मी तुम्हाला धरलं नाही, ते मुद्दाम. आता तुमच्याबद्दल.

रोपवेमध्ये डोळे मिटणारी माणसं कड्यावर घाबरतीलच असं नाही. पाळण्यात आपल्या हातात काहीच नसतं. खडकावर हाताला काम असतं, नजर समोरच्या वीतभर दगडावर असते, आणि पुष्कळांची भीती त्या कामात विरघळते. पण सगळ्यांची विरघळत नाही, आणि तुमची विरघळेल की नाही हे आज मलाही सांगता येणार नाही आणि तुमच्या घरच्यांनाही. ते कळायला जागा लागते. व्हिया फेराटाची अडचण ही की मध्यावरून परत फिरणं पुढे जाण्याहून अवघड असतं. मागून माणसं येत असतात, उतरताना पाय दिसत नाहीत. म्हणून निर्णय पहिल्या दहा-पंधरा मीटरांत व्हायला हवा. मार्गदर्शकाला आधीच सांगून ठेवा: 'मी सुरुवातीला चढून बघेन आणि नको वाटलं तर खाली उतरेन.' तो तुम्हाला तेवढ्यातच दोन-तीन खुंट्या करून दाखवेल. जमलं तर मुलामागे तुमची जागा आहे. नाही जमलं, तर लाघेलच्या पायवाटेने पाण्याची बाटली घेऊन वर चला. तुम्ही खाली वाट बघत बसायचं नाही. माथ्याजवळ सगळे भेटाल आणि उतार एकत्र कराल. विरस कुणाचा होत नाही. हॉटेलात बसून फोनकडे बघत राहिलात तर मात्र सगळ्यांचा होईल.

एक गोष्ट मला खटकली ती बोलून दाखवते. मुलगा काय म्हणतो, हे काय म्हणतात, तुम्हाला काय वाटतं, सगळं पत्रात आहे. मुलीला काय वाटतं हे एका ओळीतही नाही. तिला विचारा, आणि दादा व बाबा समोर नसताना विचारा. अकरा वर्षांची मुलं घरातल्या उत्साहाला सहसा नाही म्हणत नाहीत, आणि मग खुंटीवर रडू फुटतं. ती नको म्हणाली तर तुम्ही दोघी पायवाटेने जाल, छानच. तुमच्या चौघांची वाट तिच्या मापाने ठरायला हवी, दादाच्या व्हिडिओच्या मापाने नाही.

जायच्या आधी हातात काही महिने आहेत, ते वापरा. रविवारी पहाटे पावागडला जा आणि रोपवे सोडून माचीपासून पायऱ्यांनी वर जा, उतरताही पायऱ्यांनीच. गुडघ्यांची परीक्षा उतारावर होते, तुमच्या यजमानांची विशेष. शक्य असेल तर आबूला गुजरात सरकारची स्वामी विवेकानंद गिर्यारोहण संस्था आहे, तिथे मुलांसाठी आणि मोठ्यांसाठी खडक चढण्याचे प्राथमिक वर्ग असतात. माझीही सुरुवात आबूच्या त्याच खरबरीत खडकांवर झाली. हार्नेस घालून दोरावर लोंबकळणं, प्रशिक्षकाच्या हातातल्या दोरावर भरवसा टाकणं, हे तिथे एकदा झालं की आर्कोत पहिला अर्धा तास वाचतो. दृष्टीभय आहे की नाही, आणि कुणाला, तेही तिथेच कळतं, आणि तिथून घर एका रात्रीच्या प्रवासावर असतं. हे वर्ग मुलाच्या नावाने नोंदवू नका, चौघांच्या नोंदवा.

शेवटचं हवामानाचं. लोखंडी तार डोंगरभर पसरलेली असते आणि वीज तिला शोधत येते. दुपारनंतर ढग भरून यायची शक्यता असते, म्हणून सकाळी निघून दुपारी जेवायला गावात. मार्गदर्शक आज नको म्हणाला तर आज नाही, पैसे भरलेले असले तरी. यासाठी आर्कोला दोन नव्हे, तीन रात्री ठेवा. एक दिवस पावसात गेला तर रीवाजवळचा वारोनेचा धबधबा बघून या. तो डोंगराच्या आतल्या कपारीत कोसळतो आणि पायवाट अगदी त्याच्या तोंडापर्यंत नेते. तिकीट काढून, रेनकोट घालून, मुलीचा हात धरून जायची जागा आहे.